टप उघडून वेल्सच्या घाटांत

रेडिंगहून निघून, मध्य आणि उत्तर वेल्सच्या डोंगरांतून फिरून मॉल्व्हर्नमार्गे पुन्हा घरी, असा हा जूनमधल्या एका सोमवारपासून शुक्रवारपर्यंतचा प्रवास आहे. गाडी माझी, माझदा एमएक्स-५, २०१७ सालची, सेकंड हँड घेतलेली, दीड लिटरच्या इंजिनाची आणि कापडी टपाची. सोबतीला पुण्याहून आलेली माझी धाकटी मावशी होती. नवरा आणि मुलगा घरी राहिले, कारण गाडीत आसनेच दोन आहेत. ही गाडी घेणे म्हणजे दर वेळी घरातल्या कोणाला तरी मागे ठेवून निघणे, हे घेण्यापूर्वीच घरात बोलून घेतलेले बरे.

मावशीला माझदा म्हटल्यावर शाळेच्या मुलांना नेणारी स्वराज माझदा मिनीबस आठवली, आणि दारात उभी असलेली गाडी पाहून तिने पहिला प्रश्न विचारला तो, ‘‘बाकीची कुठे आहे?’’ असा. लांबीने ही जवळपास स्विफ्टएवढीच असते, परंतु त्या लांबीचा बराच भाग बॉनेटने घेतलेला असतो आणि बसणारा मागच्या चाकांच्या थोडासाच पुढे, रस्त्यापासून वीतभर उंचीवर बसल्यासारखा बसतो. वजन एक टनाच्या आसपास, ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. आजकालच्या मोठ्या गाड्यांशी तुलना केली तर हे आकडे किरकोळ आहेत. मात्र किरकोळ ताकदीच्या, हलक्या गाडीचे सुख नेमके कोठे असते, हे या प्रवासात मला रोज नव्याने दिसत गेले.

सामानाबद्दल आधीच सांगते. डिकी १३० लिटरची आहे आणि तिचे तोंड लहान आहे, म्हणून चाकांच्या कडक बॅगा घरी ठेवाव्यात आणि कापडी पिशव्या न्याव्यात. त्या कोपऱ्यांत दाबून बसवता येतात. समोर डॅशबोर्डात कप्पा नाही. दोन आसनांच्या मधल्या पाठीत एक छोटा कप्पा आहे, त्यात कागदपत्रे, सनस्क्रीन आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा एवढेच मावले. टप खाली केल्यावर डिकीची जागा कमी होत नाही, ही या गाडीची मोठी सोय, कारण अनेक उघड्या गाड्यांत टप दुमडला की तो डिकीतच येऊन बसतो.

पहिला दिवस, सोमवार : रेडिंग ते ब्रेकन

वेल्सला जायचा सरळ रस्ता एम-४ मोटरवेचा आहे, आणि आम्ही तो मुद्दाम टाळला. मोटरवेवर टप उघडा ठेवून जाणे शक्य असते, पण शेजारच्या ट्रकची चाके आपल्या कानाच्या उंचीवर फिरत असतात आणि ताशी सत्तर मैलांच्या वेगात शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. आम्ही आधी अ‍ॅबिंग्डनला गेलो आणि तेथून विटनीजवळ ए-४० हा जुना रस्ता धरला, तो थेट ब्रेकनपर्यंत सोडला नाही.

अ‍ॅबिंग्डनमध्ये पाहण्यासारखे फार काही उरलेले नाही, पण उघड्या छोट्या गाडीच्या मालकाने तेथे पाच मिनिटे थांबावे असे मला वाटते. १९२९ पासून १९८० पर्यंत एमजी या ब्रिटिश कंपनीच्या गाड्या येथे बनत होत्या. त्यांपैकी एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनली, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला कुलूप लागले. त्या सुमारास ब्रिटनमधल्या स्वस्त, दोन आसनी, उघड्या गाड्या एकामागोमाग बंद पडल्या. कोणाकडून तेल गळत होते, कोणाचा पत्रा गंजत होता आणि अमेरिकेचे नवे नियम पाळायला पैसे नव्हते. पुढे फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात हिरोशिमाच्या माझदाने पहिली एमएक्स-५ उभी केली. तिच्यात ब्रिटिश गाडीची बसण्याची ठेवण, गिअरचा आखूड दांडा आणि उघडा टप होता, आणि सकाळी किल्ली फिरवली की ती सुरू होत होती. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीने दहा लाखांचा आकडा गाठला. मावशीने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या सोसायटीत एकाकडे एमजी हेक्टर आहे ती हीच का, असे विचारले. नाव तेच आहे, ते आता एका चिनी कंपनीच्या मालकीचे आहे, एवढे सांगून मी पुढे निघाले.

बर्फर्डला नदीकाठी गाडी लावून आम्ही डबा उघडला. मावशीचा सोमवार होता, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी पहाटेच केली होती. गाडीतून उतरल्यावर तिने डोक्याचा स्कार्फ सोडला नाही. पुण्यात काइनेटिक होंडावर नोकरीला जाण्याची तिची उमेदीची वर्षे गेली. स्कार्फ कपाळावरून नाकाखाली घेऊन मागे गाठ मारण्याची तिची पद्धत ताशी साठ मैलांनाही हलली नाही, आणि माझी तीस पौंडांची खास टोपी मात्र विटनीच्या पुढे पहिल्याच उतारावर मागे उडून तिच्या मांडीवर पडली. उघड्या गाडीसाठी टोपी घ्यायचीच असेल तर हनुवटीखाली बांधता येणारी घ्यावी. खरे तर सुती स्कार्फ पुरतो. कान झाकणे आवश्यक आहे. ऊन ढगांतून जाणवत नसले तरी सनस्क्रीन लावावे, विशेषतः कपाळाला आणि मनगटांना.

ग्लॉस्टर मागे टाकले आणि वाय नदीच्या बाजूला गवत कापणी चालू होती. बंद गाडीत हे फक्त दिसते. येथे कापलेल्या गवताचा ओलसर वास एका शेताच्या कुंपणापाशी सुरू झाला आणि पुढच्या कुंपणापाशी संपला, मग डिझेलचा, मग डांबराचा, मग कोणाच्या तरी घरच्या तळणाचा. मावशी म्हणाली, ‘‘अगं, स्कूटरवर असंच असायचं, सिंहगड रस्त्याला.’’ मॉनमथच्या अलीकडे रिमझिम सुरू झाली तेव्हा तिने टपाकडे पाहिले. वेग पन्नास मैलांच्या आसपास असेल तर बारीक पाऊस समोरच्या काचेवरून उडून डोक्यावरून निघून जातो. खरी अडचण येते ती राउंडअबाउटला थांबल्यावर. तेथे समोर रांग होती, मी मागे हात घालून टप ओढला, आरशापाशी कडी लावली आणि रांग हलायच्या आत आम्ही कोरड्या झालो. विजेवर उघडमिट होणाऱ्या टपापेक्षा हा हाताचा टप मला अधिक पसंत आहे, कारण त्यात बिघडायला मोटर नाही आणि वजनही वाचते.

अ‍ॅबरगॅव्हेनी ओलांडल्यावर ऊन पुन्हा पडले आणि अस्क नदीच्या खोऱ्यातून ब्रेकनपर्यंत टप खालीच राहिला. रात्री एका पबमध्ये मावशीने सोमवार सोडला तो ग्लॅमॉर्गन सॉसेजवर. नाव ऐकून तिने हात मागे घेतला होता, पण त्यात मांस नसते. चीज, लीक ही कांद्याच्या पातीसारखी भाजी आणि पावाचा चुरा एकत्र वळून तळलेले असतात. शाकाहारी माणसाने वेल्समध्ये हे नाव लक्षात ठेवावे, तिसऱ्या दिवसापर्यंत ते उपयोगी पडते.

दुसरा दिवस, मंगळवार : ब्लॅक माउंटन, एलन आणि समुद्र

सकाळी आकाश निरभ्र होते आणि तापमान दहा अंशांच्या आत. अशा हवेत टप उघडायचा, दोन्ही काचा वर ठेवायच्या आणि हीटर पायांवर पूर्ण सोडायचा, ही या गाड्यांच्या मालकांची जुनी रीत आहे. पाय गरम, डोके गार. मावशीला हा इंधनाचा अपव्यय वाटला, म्हणून सांगायला हवे की इंजिनाची उष्णता एरवीही वायाच जाणार असते.

लॅनडव्हरीहून लॅनगॅडॉग आणि तेथून ब्रिनअमानला जाणारा ए-४०६९ हा ब्लॅक माउंटनचा घाट. आधी झाडीतून रस्ता चढतो, मग लोखंडी दांड्यांची जाळी ओलांडली की कुंपणे संपतात आणि उघडा डोंगर सुरू होतो. या रस्त्याची वेगमर्यादा साठ मैल आहे, आणि मी क्वचितच पंचेचाळीसच्या वर गेले. तेवढ्यातही हात आणि पाय सतत कामात होते. वळणाआधी दुसरा गिअर, गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीने खट्‌कन बसतो, इंजिन सहा हजार फेऱ्यांपर्यंत ओरडते आणि स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी तळहाताला कळते. तीनशे-चारशे अश्वशक्तीची गाडी याच वळणावर याच वेगात झोपलेली असते. तिला जागे करायचे तर कायदा मोडावा लागतो. आमच्या गाडीचे इंजिन पूर्ण ताणले तरी परवाना शाबूत राहतो. माझ्या मते कमी ताकदीच्या गाडीच्या बाजूने एवढा एक मुद्दा पुरेसा आहे.

घाटमाथ्यावर, जुन्या चुनखडीच्या खाणींपाशी, गाड्या लावायची जागा आहे. तेथे एक वयस्कर जोडपे हिरव्या एमजीबीचे बॉनेट उघडून उभे होते. बिघाड नव्हता, आजोबांना आम्हांला इंजिन दाखवायचे होते. त्यांनी जोडकार्ब्युरेटर दाखवले, गाडीच्या खाली ठेवलेला, तेलाचे थेंब झेलणारा पुठ्ठा दाखवला, आणि मग त्यांच्या पत्नीने डिकीतून टपाच्या सांगाड्याच्या नळ्या काढून दाखवल्या. पाऊस आला की या नळ्या एकीत एक बसवायच्या, त्यावर कापड ताणायचे आणि कडेची बटणे एकेक लावायची. दोघांनी मिळून केले तर पाच मिनिटे आणि एक भांडण, असे त्या म्हणाल्या. मी आमचा टप आसनावरून न उठता वर आणि पुन्हा खाली करून दाखवला, तेव्हा आजोबांनी दोन्ही हात खिशात घातले आणि हे फारच सोपे आहे असे नाराजीने सांगितले. निघताना मावशीने त्यांना लाडू दिले.

तेथून उत्तरेला बिल्थ वेल्समार्गे रायडरपर्यंतचा रस्ता सरळ आहे. रायडरच्या पुढे एलन व्हॅलीची धरणे लागतात. १८९३ ते १९०४ या काळात बर्मिंगहॅमला पाणी देण्यासाठी ती बांधली गेली, आणि ते पाणी आजही पंपाशिवाय, केवळ उतारावर, ११८ किलोमीटर वाहत जाते. पानशेत फुटले तेव्हा मावशी लहान होती, तरी घरात इतक्या वेळा ऐकले आहे की कोणत्याही धरणाच्या भिंतीखाली ती फार वेळ उभी राहत नाही. क्रेग गॉखच्या दगडी भिंतीचे कौतुक तिने वरच्या बाजूने केले.

येथून क्वमअस्ट्विथकडे जाणारा डोंगरी रस्ता एकपदरी आहे आणि मध्येमध्ये गाडीला गाडी देण्यासाठी पासिंग प्लेस आहेत. समोरून क्वाड बाइकवर, मागे कुत्रा बसवून एक शेतकरी आला. टप उघडा असल्यामुळे तो आमच्याशी थेट बोलू लागला. काच खाली करण्याइतका जरी वेळ गेला असता तरी त्याने नुसता हात करून गाडी पुढे काढली असती. कुंपण नाही तर मेंढ्या पळून का जात नाहीत, असे मावशीने मला विचारायला लावले. त्याने सांगितले की कोकरू आईच्या मागे चरत मोठे होते आणि आपल्या कळपाची हद्द तिच्याकडून शिकते, म्हणून कळप विकला तर तो जमिनीसकट विकतात. नव्या मेंढ्या आणून सोडल्या तर त्यांना हद्द शिकवायला फार खटपट पडते. मग त्याने कुत्र्याकडे बोट दाखवून, याला तुमची गाडी आवडलेली नाही, असे सांगितले. कुत्रा खरोखरच दातांच्या फटीतून गुरगुरत होता, आणि आमची डोकी त्याच्या तोंडाच्या खालच्या पातळीवर होती.

डोक्यावर लाल घारी फिरत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये या घारींच्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या आणि त्या मध्य वेल्सच्या याच डोंगरांत होत्या. रेडिंगला आता त्या आमच्या छपरांवरही दिसतात, पण आसन थोडे मागे टेकवून, चालत्या गाडीतून सरळ वर पाहण्याची संधी छत असलेल्या गाडीत येत नाही. अर्थात ही सोय फक्त शेजारी बसणाऱ्याला आहे.

डेव्हिल्स ब्रिजला एकावर एक बांधलेले तीन पूल आहेत, सर्वांत खालचा मध्ययुगीन, मधला १७५३ चा आणि वरचा १९०१ चा. पायऱ्या खूप आहेत, गुडघ्यांचा विचार करून उतरावे. संध्याकाळी अ‍ॅबरिस्टविथला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळायला अजून दोन तास होते.

मुक्कामाच्या घरी आत गाडी लावायची जागा आहे असे बुकिंगमध्ये लिहिले होते, प्रत्यक्षात ती जागा मालकाच्या होडीने व्यापली होती. गाडी समुद्राकाठच्या रस्त्यावर राहिली आणि सकाळी समुद्रपक्ष्यांनी टपाचा एक कोपरा पांढरा केलेला आढळला. कापडी टपावरची विष्ठा कोरडी असताना घासू नये. कोमट पाण्याने भिजवून मऊ ब्रशने काढावी, आणि पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, शिवणी सैल होतात. मालकाने ब्रश दिला, कोमट पाणी दिले, होडीबद्दल काही बोलला नाही.

तिसरा दिवस, बुधवार : विमाने आणि पाऊस

मखनथ्लेथपासून डॉल्गेथलायकडे जाणाऱ्या ए-४८७ च्या आसपासच्या दऱ्यांत लष्करी विमाने अतिशय खालून उडण्याचा सराव करतात. कामाचा दिवस आणि बरे हवामान असेल तरच हे घडते. वेळापत्रकावर विसंबता येत नाही, म्हणून आम्ही काही ठरवले नव्हते. टाल-अ-थ्लिनच्या खिंडीत चढत असताना मागून आवाज आला असे मला वाटले, मग तो आवाज नव्हताच, छातीवर दाब होता, आणि एक काळे हॉक विमान आमच्या उजवीकडून दरीत वळून गेले. वैमानिकाचे शिरस्त्राण दिसले. मावशीने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. पुढच्या थांब्यावर छायाचित्रकारांची गर्दी होती, डोंगराच्या कडेवर तर विमानाच्याही वरच्या उंचीवर लोक बसले होते. त्यांच्यातल्या एकीने आम्हांला थर्मासमधला चहा दिला आणि विमान उघड्या गाडीतून कसे ऐकू आले, असे विचारले.

त्यानंतर पावसाने ठाण मांडले. ब्लायनाय फेस्टिनिओगला स्लेटचे, म्हणजे पाटीच्या दगडाचे, करडे ढीग पावसात काळे झाले होते. येथल्या स्लेटच्या परिसराला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. टप बंद असताना ही गाडी अंधारी होते, मागचे नीट दिसत नाही, आणि कापडावर पडणारा पाऊस सतत वाजत राहतो. ज्यांना मोकळेपणा आवडतो म्हणून ते ही गाडी घेतात, त्यांनी अशा दिवसांचाही हिशोब धरावा. मावशीला मात्र आता बोलता येत असल्यामुळे बरे वाटले, आणि अशी गाडी आपल्याकडे का मिळत नाही, यावर आमची चर्चा झाली. एक मिळत होती. गोव्यात १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची छोटी गाडी बनू लागली होती, तिला रेनोचे १.२ लिटरचे इंजिन होते. फार थोड्या लोकांनी ती घेतली. मावशीच्या मते पुण्यातले ऊन, धूळ आणि पुढच्या बसचा धूर पाहता टप उघडायला वर्षातले आठ दिवस मिळतील, आणि त्यांतले चार गणपतीत रस्ते बंद असताना येतील.

पेन-अ-ग्विरिडच्या हॉटेलात १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेची मंडळी तयारीच्या काळात राहिली होती आणि छतावर गिर्यारोहकांच्या सह्या आहेत. आम्ही ओल्या बुटांनी आत डोकावलो, सह्या पाहिल्या. स्नोडन डोंगर दिसायला हवा होता त्या दिशेला फक्त ढग होता. बेटूस-अ-कोइडला मुक्काम केला. रात्री ‘बारा ब्रिथ’ नावाचा, चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव लोणी लावून खाल्ला, तो मावशीने दुसऱ्या दिवसासाठी बांधूनही घेतला.

चौथा दिवस, गुरुवार : ए-५ आणि घोड्याच्या नालाचा घाट

ओला टप दुमडून तसाच ठेवला तर कापडाला बुरशी येते, म्हणून सकाळी गाडी उन्हात लावून तो वाळेपर्यंत आम्ही निघालो नाही. त्याच वेळी टपाच्या मागच्या कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोके पाहून घेतली. पानांनी ती बुजली की पाणी आत उतरते, आणि जुन्या पिढ्यांच्या एमएक्स-५ मध्ये मागच्या चाकांपुढचा खालचा पत्रा गंजतो त्यामागे हेही एक कारण असते. सेकंड हँड गाडी घेताना गुडघ्यावर बसून तेथला पत्रा बोटाने दाबून पाहावा, नुसत्या रंगाच्या चकाकीवर जाऊ नये.

ए-५ हा थॉमस टेलफर्डचा रस्ता. लंडनहून होलीहेडला टपालाच्या घोडागाड्या जाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने डोंगरांतून असा मार्ग काढला की घोड्यांना कोठेही उभा चढ लागू नये. आजही तो रस्ता तिसऱ्या-चौथ्या गिअरवर, ब्रेकला फारसा हात न लावता वाहत जातो. केरिगिड्रिडियनजवळ गाड्यांच्या मासिकांनी प्रसिद्ध केलेला रस्त्यांचा त्रिकोण आहे, त्यावर आता सरासरी वेग मोजणारे कॅमेरे लागले आहेत. आम्ही त्यातली एक बाजू फिरून आलो, रस्ता उत्तम आहे, पण माळरानावर वळणे दूरवरून दिसतात आणि ब्लॅक माउंटनची मजा येत नाही.

वेगाबद्दल आणखी एक सूचना. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर मर्यादा ताशी २० मैल आहे. मोठ्या गाडीत हा वेग रटाळ वाटतो. जमिनीलगत आणि उघड्यावर बसलेल्या माणसाला तोच वेग पुरतो, कारण फुटपाथवरचे बोलणे कानावर येते, बेकरीचा वास येतो आणि मुले हात करतात. मावशीने प्रत्येक गावात सगळ्यांना उलट हात केला. समोरून येणाऱ्या एमएक्स-५ चे चालकही एकमेकांना हात करतात. ती जबाबदारी तिने न विचारताच घेतली, आणि मधूनच एका पोर्शवाल्यालाही हात केला, त्याने केला नाही.

लॅनगॉथलेनच्या वरचा हॉर्सशू पास ४१७ मीटर उंचीवर आहे आणि माथ्यावरच्या कॅफेत मोटरसायकलवाल्यांचा अड्डा असतो. कातड्याचे जाकीट घातलेल्या एका थोराड बाईंनी मावशीची स्कार्फची गाठ कशी मारतात ते विचारून घेतले आणि आपल्या रुमालाने तेथेच शिकून घेतली. त्यांच्या मते उघडी गाडी म्हणजे पडायची भीती नसलेली मोटरसायकल, आणि म्हणून थोडी कमी प्रतीची. पुढे श्रूसबरी, लडलो, मॉल्व्हर्न. गाडी सरासरी लिटरला सोळा किलोमीटर देत होती, तरी मध्य वेल्समध्ये पंप विरळ आहेत, टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी.

पाचवा दिवस, शुक्रवार : मॉर्गनचा कारखाना आणि घर

मॉल्व्हर्नला मुक्काम केला तो मॉर्गनचा कारखाना पाहण्यासाठी. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी तीनचाकी गाडीपासून सुरू केलेली ही कंपनी १९१० च्या सुमारापासून याच गावात आहे. पिकर्सली रोडवरच्या लाल विटांच्या शेडमध्ये अजूनही माणसे हातांनी गाड्या बनवतात. फेरी सशुल्क असते, आगाऊ जागा राखून ठेवावी आणि बंद बूट घालून जावे.

येथल्या चारचाकी गाडीचे इंजिन बीएमडब्ल्यूचे, चासी अ‍ॅल्युमिनियमची, आणि त्या दोहोंवर बसणारा बॉडीचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या लाकडाचा. सुतारकामाच्या शेडमध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. मागच्या चाकावरची कमान करण्यासाठी अ‍ॅशच्या पातळ पट्ट्यांना सरस लावून, एकीवर एक रचून साच्यात वाकवतात आणि शिकंज्यांनी आवळून ठेवतात. एक तरुण कारागीर कमानीच्या कडेवरून रंधा फिरवत होता, दर दोन हातांनंतर थांबून अंगठा फिरवून पाहत होता, आणि मग पुन्हा एकच पापुद्रा काढत होता. मावशीचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, मिरजेत सतारीचे भोपळे कोरणाऱ्यांच्या शेजारी राहत. ती म्हणाली की तिथेही हात असाच फिरायचा. तिने लाकूड हुंगले. कारागिराने रंध्याखालचा एक लांब, न तुटलेला पापुद्रा तिला दिला, तो तिने पासपोर्टात ठेवला आहे.

विक्रीच्या दालनात तिला नव्या प्लस फोरमध्ये बसू दिले. तिने दार लावले, स्टिअरिंग धरले, लांब बॉनेटकडे पाहिले, आणि बाहेर आल्यावर मला मराठीत सांगितले, ‘‘छान आहे, पण जपावी लागेल. तुझी आहे ती वापरायची आहे.’’ मला तिचे म्हणणे पटते. मॉर्गनच्या किमतीत आमच्यासारख्या कित्येक जुन्या एमएक्स-५ येतात, आणि चिखलाच्या रस्त्यावर मेंढीने अंग घासले तर मॉर्गनचा मालक त्या रात्री झोपणार नाही.

परतीला ब्रॉडवेचा फिश हिल चढून, मोरटन-इन-मार्श आणि चिपिंग नॉर्टनमार्गे आलो. ऑक्सफर्डच्या पुढे काळे ढग आले, मी टप ओढला आणि शेवटचा तास आम्ही इतरांसारख्याच एका बंद गाडीत, वायपर लावून, रहदारीत घालवला. घरी पोहोचल्यावर मावशीने फोनवर माझ्या आईला पहिली गोष्ट सांगितली ती विमानाची, दुसरी सॉसेजची, आणि तिसरी म्हणजे पुढच्या वर्षी यायचे असेल तर केस आखूड कापून ये.